मदत हवी आहे: १८१८ साली जन्मलेल्या मुलाचे आईवडील कसे शोधायचे?

ऐरोलीकर: खापरपणजोबा घणसोलीचे. जन्म १८१८, पेशवाई बुडाली ते साल. त्यांच्या आईवडिलांची नावं हवीत. ठाण्यात एका कार्यालयात दोन चकरा मारल्या, "एवढं जुनं नसतं" म्हणून वाटेला लावलं. गणपतीत सगळे जमणार, जरा लवकर सांगा.

माजी_तलाठी: गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही मागा. पण १८१८चं विसरा. साल कशावरून धरलंत?

ऐरोलीकर: घरातल्या मोडी कागदावरून.

बंटी_कळवा: जात पडताळणीला शाळा सोडल्याचा दाखला जास्त चालतो.

ऐरोलीकर: दाखला नकोय हो!

आत्याबाई: त्र्यंबकेश्वरला जा. तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या आजेसासऱ्यांची सही निघाली, शाई अजून काळीभोर.

माजी_तलाठी: जो गेला त्याचीच नोंद. तान्हं पोर कशाला जाईल?

आत्याबाई: बाप गेला असेल ना! तिथे पोरांची नावं लिहून घेतात.

खाडीकाठ: पेशवाई १८१८ला बुडाली, पण ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४लाच घेतला होता. उगाच गफलत नको.

मोडीवाली: किल्ला राहू दे. कागदावरची अख्खी ओळ टाका.

ऐरोलीकर: "शके १८१८ दुर्मुखनाम संवत्सरे माघ शुद्ध ५".

मोडीवाली: अहो, शके! एरवी ७८ मिळवतात, माघ म्हणून ७९. फेब्रुवारी १८९७. इसवी सन १८१८च्या पाडव्याला बहुधान्य संवत्सर लागलं होतं, दुर्मुख नव्हे.

माजी_तलाठी: चार पिढ्यांत दोनशे वर्षं, तेव्हाच खटकलं होतं.

ऐरोलीकर: म्हणजे मुंबईतल्या प्लेगचा काळ? तरीच खापरपणजोबांना त्यांच्या आत्याने दत्तक घेतलं असेल.

माजी_तलाठी: दत्तक?! हे आत्ता सांगताय? जन्मगाव कुठलं?

ऐरोलीकर: लिहिलं नव्हतं का? पनवेलकडचं, आत्याचं माहेर.

माजी_तलाठी: मग घणसोलीत काय उकरताय? आत्याचं माहेर तेच बापाचं गाव. कोतवाल बुक तिकडचं मागा. बाळाचं नाव शोधू नका, बारशाआधीची नोंद असते. बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच सापडेल. आत्याच्या जमिनीला यांचं नाव लागलं तो जुना फेरफारही काढा. पहिलटकरीण असेल तर मात्र जन्म आईच्या माहेरी.

ऐरोलीकर: आईचं माहेरच माहीत नाही.

आत्याबाई: म्हणून म्हणतेय, त्र्यंबकेश्वरला जा.