जुन्या गेम्ससाठी टीव्हीमागे बसेल असा छोटा पीसी, कमी लाइट खाणारा. काय घेऊ?

सिडकोकर_नाशिक:
नमस्कार मंडळी, आमचा जुना टॉवर गेला, मदरबोर्डच उडाला. आता मला मोठा डबा नकोच, टीव्हीमागे चिकटवता येईल असं काहीतरी हवंय, पंख्याचा आवाज नको आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर चाललं पाहिजे. गेम्स सगळ्या जुन्या, एज ऑफ एम्पायर्स २, व्हाइस सिटी, आयजीआय, आणि डॉसवरच्या (विंडोजच्या आधीच्या काळातल्या) काही. कॉलेजला असताना रात्र रात्र खेळलोय, आता मुलगी नऊ वर्षांची झालीय, तिच्यासोबत बसून खेळायचंय. बजेट १२ हजार. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेऊ का?

पंचवटी_पीसी:
दादा, पाय नका घेऊ. त्याचा प्रोसेसर एआरएम, म्हणजे मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा आहे आणि तुमच्या गेम्स इंटेलसारख्या प्रोसेसरवरच्या विंडोजसाठी बनलेल्या. डॉसच्या गेम्स चालवणारं डॉसबॉक्स चालेल त्यावर, पण आयजीआय आणि व्हाइस सिटीसाठी उगाच खटपट होईल.
तुम्ही ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड मिनी पीसी बघा, लेनोव्होचा टायनी, डेलचा मायक्रो नाहीतर एचपीचा मिनी. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी टी असलेला घ्या, उदा. आय५-६५००टी, तो ३५ वॉटचा असतो. माझ्याकडे हाच आहे, प्लगला मीटर लावून बघितलं तर नुसता चालू असताना १० वॉटच्या आसपास आणि गेम खेळताना ३५ च्या आतबाहेर. जुना छताचा पंखा ७०-७५ घेतो, म्हणजे अर्ध्या पंख्याएवढाच, इन्व्हर्टरला कळणार पण नाही. रोज तीन तास खेळलात तरी महिन्याला साधारण ३ युनिट, दीडशे वॉटच्या टॉवरला तेवढ्याच वेळात साडेतेरा लागले असते.
एक गोष्ट मात्र नक्की करा, रॅम ८ जीबीची एकच पट्टी घेऊ नका, ४-४ जीबीच्या दोन लावा. यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, ग्राफिक्स रॅममधूनच चालतं, त्यामुळे दोन पट्ट्यांनी खरंच फरक पडतो. आणि दुकानात ओरिजिनल अडॅप्टर आहे ना ते बघा, काही मशीन अडॅप्टर ओळखला नाही तर प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात, मी यातच दोन दिवस घालवले होते.

डॉसवाली:
हार्डवेअर वरती सांगितलंय तेच बरोबर, पण खरा त्रास सॉफ्टवेअरचा होतो. तेव्हाच्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क नावाचं, कॉपी रोखणारं लॉक होतं, विंडोज १० ला त्याचा ड्रायव्हरच चालत नाही, त्यामुळे सीडी चांगली असून गेम उघडत नाही आणि माणूस मशीनला दोष देत बसतो. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर बऱ्याच जुन्या गेम्स अशा लॉकशिवाय मिळतात, आधी तिथे शोधा. एज ऑफ एम्पायर्सला विंडोज फीचर्समध्ये जाऊन डायरेक्टप्ले (जुन्या गेम्सना लागणारा विंडोजचा भाग) चालू करा. रंग किंवा स्क्रीन बिघडली तर डीजीव्हूडू २ टाका, जुन्या गेमचं ग्राफिक्स नव्या विंडोजवर नीट दाखवणारं सॉफ्टवेअर आहे ते. व्हाइस सिटीत फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची याची मर्यादा) बंद करू नका, गाड्या विचित्र वागायला लागतात. ती गेम मुलीला मोठी झाल्यावर दाखवा असं मी म्हणेन, आत्ता एम्पायर्सच लावा, माझ्या भाच्याला गावकरी लाकूड तोडताना बघायलाच फार आवडतं.

सिडकोकर_नाशिक:
ताई, पटलं, व्हाइस सिटी ती झोपल्यावर 🙂 विंडोज १० ऐवजी जुनं विंडोज एक्सपी टाकलं तर सीड्या चालतील का? माझ्याकडे अख्खी पेटी आहे, आईने जपून ठेवलेली.

पंचवटी_पीसी:
६५००टी वर नाही होणार, त्याच्या ग्राफिक्सला एक्सपीचा ड्रायव्हर नाही. इंटेलचा तो ड्रायव्हर तिसऱ्या जनरेशनच्या प्रोसेसरपर्यंतच आहे, ६५००टी सहाव्या जनरेशनचा. पेटीतल्या सीड्याच चालवायच्या असतील तर लेनोव्हो एम९२पी टायनी शोधा, आय५-३४७०टी वाला, तो तिसऱ्या जनरेशनचा आणि तोही ३५ वॉटचाच. मला तर तुमच्यासाठी तोच जास्त योग्य वाटतो. सीडी ड्राइव्ह आत नसतो, यूएसबीचा लागेल. आणि आणल्या आणल्या उघडून धूळ काढा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि टीव्हीमागे हवा खेळत नाही. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

सिडकोकर_नाशिक:
मग एम९२पीच शोधतो. रविवारी एमजी रोडला चक्कर मारतो, पेटीतली एक सीडी सोबत नेतो आणि तिथेच लावून बघतो.