मानवी प्रजनन संशोधन केंद्रासाठी प्रमुख कसा शोधावा? (सांगली, पगाराला मर्यादा आहे)

विश्रामबागकर: नमस्कार मंडळी. आमचा ट्रस्ट सांगलीत छोटं केंद्र काढतोय. वंध्यत्व, ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया, कायदा, सगळं एकत्र. डॉक्टर, लॅबवाले आणि समाजशास्त्रवाले यांना एका टेबलाशी बसवेल असा प्रमुख हवाय. पगार महिना १,८०,००० आणि क्वार्टर. त्यावर रुपया नाही. कुठे शोधू, काय विचारू?

कृष्णाकाठ: तीन लाखांखाली कोण येतंय? आम्ही पुण्याच्या एजन्सीकडून घेतला, एक नंबर माणूस. नंबर देऊ?

विश्रामबागकर: १,८०,००० लिहिलंय हो.

निवृत्त_प्राचार्य: 'युनिव्हर्सिटी न्यूज' आणि 'करंट सायन्स'मध्ये जाहिरात द्या. स्थानिक पेपरात दिली की फक्त वशिल्याचे अर्ज येतात. परळची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, तिथून पीएचडी केलेले गाठा. माझ्या काळात मी असेच प्राध्यापक आणले, आज सगळे विभागप्रमुख आहेत.

डॉ_मिरज: गायनॅक एमडीच हवा. बाकीच्यांना पेशंट दारात उभं करत नाहीत.

नाट्यवेडा: डॉक्टर, १९७८ ला जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली तेव्हा स्टेप्टो गायनॅक, एडवर्ड्स शरीरक्रियाशास्त्राचे, जीन पर्डी नर्स. २०१० चं नोबेल एडवर्ड्सना. आपल्याकडे १९८६ ला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली, तिथंही डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या जोडीला शास्त्रज्ञ आनंद कुमार होतेच.

डॉ_मिरज: आणि लॅपरोस्कोपीनं बीज काढलं कुणी? नर्सनं?

हळदवाला: क्वार्टर कुठंय? गावभागात असेल तर २०१९ चा पूर आठवा.

कृष्णाकाठ: पूर काय फक्त गावभागात आला होता का? उगाच बदनामी.

लॅबवाली: पुराचं नंतर. अशाच एका केंद्रात राबलेय म्हणून सांगते. नमुने कुणाच्या फ्रीजरमध्ये आणि निबंधावर पहिलं नाव कुणाचं, हे मुलाखतीतच विचारा. आमच्याकडे फ्रीजरची किल्ली गायनॅक सरांच्या खिशात, रजिस्टर लॅबमध्ये. सर लग्नाला गेले की आम्ही बर्फाचा डबा घेऊन दारात. बढती मूळ विभागाच्या हाती असली की केंद्रासाठी कुणी झटत नाही, म्हणून बढतीच्या समितीत केंद्राचा माणूस असेल असं नेमणूकपत्रातच लिहा. नीतिसमिती आधी, प्रमुख नंतर. सोनोग्राफी मशीन नुसतं संशोधनाला असलं तरी पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा) नोंदणी लागते. आणि २०१७ चं म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण लोक विसरलेले नाहीत. गावात फॉर्म घेऊन गेलात की आधी तेच निघणार.

निवृत्त_प्राचार्य: जाहिरातीचं मी वर सांगितलंच आहे.

हळदवाला: लॅबवाली +१. भाडेकरू हवा असेल तर माझा वरचा मजला रिकामा आहे.

विश्रामबागकर: नेमणूक झाली. एजन्सी नाही, जाहिरात नाही, एमडीही नाही. जनसांख्यिकीच्या बाई आहेत, व्याख्यानाला आल्या होत्या. फ्रीजरची किल्ली कुणाकडे, हे आम्ही विचारायच्या आधी त्यांनीच विश्वस्तांना विचारलं. विश्वस्त एकमेकांकडे बघत बसले. पगार १,६५,००० वर ठरला, घर मात्र मिरज स्टेशनजवळ हवंय.

डॉ_मिरज: बाई चांगल्या असतील. पेशंट पाठवायचे की नाही ते आम्ही बघू.

कृष्णाकाठ: एजन्सीचा नंबर व्यनि केलाय.