विमानाला उशीर झाला, भरपाई मागितली: तुमचे अनुभव

विमानाला उशीर झाला की भरपाई मिळालीच पाहिजे असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि ‘विमान कंपनीकडून कधी कोणाला पैसे सुटले आहेत का’ असे म्हणून मुकाट घरी जाणारेही तितकेच आहेत. खरे उत्तर विमान कुठून निघाले, कुठे गेले आणि ते कोणत्या कंपनीचे होते यावर ठरते. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमनाखाली ठरावीक रक्कम मिळते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू होणाऱ्या मॉन्ट्रियल कराराखाली जेवढे नुकसान सिद्ध करता येईल तेवढेच मिळते. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणाला नुसता उशीर झाला, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत रोख भरपाईची तरतूदच नाही.

ज्यांनी प्रत्यक्ष पाठपुरावा केला आहे त्यांनी कंपनीचे नाव न घेता लिहावे. कंपनीने आधी कोणते कारण पुढे केले, तुम्ही त्यावर काय दाखवले आणि शेवटी हाती काय पडले, हे मात्र सविस्तर यावे. दावा फेटाळला गेला असेल तर तो अनुभवही तितकाच उपयोगी आहे.

*

आमचा प्रवास युरोपातल्या युरोपात, पंधराशे किलोमीटरच्या आतला होता. या अंतरासाठी माणशी २५० युरो ठरलेले आहेत. १५०० ते ३५०० किलोमीटरसाठी ४०० आणि युरोपीय संघाबाहेरच्या त्याहून लांब प्रवासासाठी ६०० युरो. मूळ नियमनात नुसत्या उशिरासाठी ही रक्कम लिहिलेली नव्हती. २००९ साली युरोपीय न्यायालयाने स्टर्जन खटल्यात, तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचणाऱ्या प्रवाशांनाही उड्डाण रद्द झालेल्या प्रवाशांसारखीच भरपाई द्यावी असा निर्णय दिला. तेव्हापासून सगळे भांडण त्या तीन तासांभोवती चालते.

आमच्या विमानाची चाके धावपट्टीला टेकली तेव्हा २ तास ५४ मिनिटे उशीर झालेला होता. उभे करायला जागा मोकळी नसल्यामुळे विमान बराच वेळ टॅक्सीवेवर थांबून राहिले आणि दार उघडले तोवर ३ तास ६ मिनिटे झाली होती. बाहेर ताटकळत असलेल्या मेहुण्याला पत्नीने त्याच क्षणी ‘दार उघडलं, येतोय’ असा संदेश पाठवला होता. पुढे तोच आमचा पुरावा ठरला. कंपनीने आपल्या उत्तरात चाके टेकल्याची वेळ दिली आणि तीन तास पूर्ण झाले नाहीत म्हणून दावा नाकारला. परंतु २०१४ च्या निकालानुसार विमानाचे निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरण्याची मुभा मिळते, ती पोहोचण्याची वेळ धरली जाते. संदेशाचे छायाचित्र आणि त्या निकालाचा उल्लेख पाठवल्यावर कंपनीने पुन्हा वाद घातला नाही. मुलीचे स्वतंत्र आसनाचे तिकीट असल्याने तिलाही पूर्ण रक्कम मिळाली. ‘लहान मुलांना अर्धी’ असे कंपनीच्या मदतकक्षावर तोंडी सांगण्यात आले होते, त्याला नियमनात कसलाही आधार नाही.

*

वरील अनुभवाला जोडून जोडविमानाचा मुद्दा मांडते. आमच्या पहिल्या विमानाला तासभरही उशीर झाला नव्हता, पण तेवढ्यामुळे पुढचे विमान चुकले आणि शेवटच्या ठिकाणी आम्ही सात तासांहून अधिक उशिरा पोहोचलो. कंपनीचे म्हणणे असे की आमच्या उड्डाणाला तीन तास उशीर झालाच नाही. दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणावर असतील तर उशीर अंतिम ठिकाणी मोजायचा असतो, हे २०१३ पासून न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात म्हणून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण तिथे हा आधार राहत नाही.

शिवाय दिशेचा प्रश्न आहे. युरोपीय संघातून निघणारे विमान कोणत्याही कंपनीचे असले तरी नियमन लागू होते. बाहेरून संघात येणारे विमान मात्र युरोपीय कंपनीचेच असावे लागते. आमच्या कंपनीची नोंदणी युरोपबाहेरची होती. म्हणजे हाच उशीर परतीऐवजी जाताना झाला असता, तर एक युरोदेखील मागता आला नसता. न्यायाच्या दृष्टीने हे मला विचित्र वाटते, पण कायदा असाच आहे.

*

‘तांत्रिक बिघाड’ हे कारण माझ्या वाट्याला आले. अपवादात्मक परिस्थिती असेल तर भरपाईची जबाबदारी टळते, या पळवाटेतून कंपन्या प्रत्येक नादुरुस्त पंप आणि झडप बाहेर काढू पाहतात. २००८ च्या वॉलेंटिन-हरमन निकालाने हे दार बरेचसे बंद केले: विमाने चालवणाऱ्याच्या रोजच्या कामात जे बिघाड होतच असतात, ते अपवादात्मक नव्हेत. कारखान्यातूनच आलेला दडलेला दोष किंवा घातपात असेल तर गोष्ट निराळी. पक्षी धडकणे मात्र २०१७ च्या निकालानुसार अपवादात्मक मानले जाते, तेव्हा ‘बिघाड’ म्हणजे नेमके काय, हे लेखी विचारून घ्यावे. मी विचारले, आणि उत्तरात एका सुट्या भागाचे नाव आले. तिथेच कंपनीची बाजू लंगडी पडली.

त्यानंतर त्यांनी व्हाउचर देऊ केले, दर्शनी किंमत भरपाईपेक्षा थोडी जास्तच. नियमनाच्या कलम ७ नुसार रक्कम रोख, धनादेशाने किंवा बँकेतून द्यायची असते, आणि व्हाउचर फक्त प्रवाशाच्या सहीच्या संमतीने देता येते. व्हाउचरची मुदत एका वर्षाची होती आणि ते सर्वांत स्वस्त भाड्यावर चालणार नव्हते. मी नकार कळवला, खाते क्रमांक पुन्हा दिला, आणि पैसे खात्यात जमा झाले.

*

माझा दावा फेटाळला गेला आणि तो योग्यच फेटाळला गेला, असे माझे मत आहे. हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप होता. तो कंपनीच्या हातातला नाही. (स्वतःच्या वैमानिकांचा वा सेवकवर्गाचा संप असता तर २०२१ च्या निकालानुसार कंपनीला ही सबब सांगता आली नसती.) परंतु भरपाई नाही म्हणजे काहीच नाही, असे नव्हे. जेवण, मुक्काम आणि विमानतळ ते हॉटेल ने-आण यांची जबाबदारी अपवादात्मक परिस्थितीतही सुटत नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश बंद झाले होते, त्या प्रकरणातही न्यायालयाने २०१३ साली हेच सांगितले. काउंटरवर कोणीच नसल्याने मी खोली स्वतः घेतली, साधी आणि जवळची, आणि पावत्या जोडून खर्च मागितला. तो पूर्ण मिळाला, फक्त मद्याची ओळ कापली गेली, ज्याबद्दल माझी तक्रार नाही.

*

माझ्या प्रकरणात कंपनीने ‘प्रतिकूल हवामान’ असे दोनच शब्द लिहून विषय संपवला. त्या दुपारी खिडकीतून स्वच्छ ऊन दिसत होते आणि शेजारच्या दारांवरून एकामागून एक विमाने सुटत होती. पण ‘मला ऊन दिसले’ हा काही पुरावा होत नाही. विमानतळांवर हवामानाची नोंद साधारण दर अर्ध्या तासाने सांकेतिक भाषेत केली जाते, तिला मेटार म्हणतात, आणि जुन्या नोंदी इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. मी निघण्याच्या आणि उतरण्याच्या, अशा दोन्ही ठिकाणच्या त्या दुपारच्या नोंदी काढल्या. ओळीमागून ओळीत कॅव्होक हा संकेत होता. त्याचा अर्थ दृश्यमानता दहा किलोमीटर किंवा अधिक, पाच हजार फुटांखाली ढग नाहीत आणि पाऊस-वादळ नाही. शिवाय त्याच तासात सुटलेल्या इतर विमानांच्या वेळा जोडल्या.

उत्तरात कारण बदलले. आता म्हणे विमान आधीच्या फेरीत, सकाळी दुसऱ्याच शहरात धुक्यामुळे अडकले होते. हा बचाव मुळातच पोकळ नाही, त्याच विमानाच्या आधीच्या फेरीतील अपवादात्मक घटनेचा थेट परिणाम झाला असेल तर न्यायालय तो विचारात घेते; परंतु उशीर टाळण्यासाठी शक्य ते सर्व केले, हे कंपनीलाच दाखवावे लागते. म्हणून मी विमानाचा नोंदणी क्रमांक शोधून त्याचा दिवसभराचा प्रवास काढला. हा क्रमांक विमानाच्या शेपटीजवळ रंगवलेला असतो आणि उड्डाणे दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरही मिळतो. ते विमान सकाळी धुक्याच्या शहरात गेलेच नव्हते. रात्रभर आमच्याच विमानतळावर उभे होते. हे लिहून पाठवल्यावर नियमनाची अंमलबजावणी पाहणाऱ्या त्या देशातल्या सरकारी संस्थेकडे जायची गरज पडली नाही. खेदाचे दोन शब्द काही आले नाहीत, रक्कम आली.

*

देशांतर्गत प्रवासाचा अनुभव लिहितो, कारण इथे नियम पुष्कळ आणि त्यांची धार कमी आहे. महासंचालनालयाच्या नियमावलीनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाणेपिणे द्यायचे असते. सहा तासांहून अधिक उशीर अपेक्षित असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांची निवड प्रवाशाची असते. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतल्या उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर हॉटेलही द्यावे लागते. पाच, साडेसात आणि दहा हजार रुपयांचे जे आकडे लोक सांगतात, ते न कळवता रद्द केलेल्या उड्डाणाचे आहेत, उशिराचे नव्हेत.

आमचे विमान रात्री नऊनंतरचे होते. कंपनीने सहा तासांचा उशीर कधीही जाहीर केला नाही. चाळीस मिनिटे, मग आणखी अर्धा तास, मग ‘विमान लवकरच येत आहे’, मग पुन्हा अर्धा तास, अशा हप्त्यांनी पहाट झाली. प्रत्येक हप्ता नियमाच्या उंबरठ्याच्या आत, आणि बेरीज मात्र सहा तासांच्या पलीकडे! आई-वडील खुर्च्यांवर बसून होते, परतावा मागितला तर ‘आता विमान येईलच’ हे उत्तर ठरलेले. मी प्रत्येक संदेश आणि फलकाचे छायाचित्र वेळेसह जपले होते, बोर्डिंग पासाचे तुकडेही.

एअरसेवा या सरकारी तक्रार संकेतस्थळावरची तक्रार ‘प्रवाशाशी संपर्क साधला’ असा शेरा मारून बंद झाली. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, तिकिटाची रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. माझी मागणी उशिराच्या भरपाईची नव्हतीच, सेवेतील त्रुटीची होती: खरी माहिती दडवली, त्यामुळे परतावा आणि मुक्काम हे दोन्ही हक्क वापरता आले नाहीत. संदेशांची ती माळ एका पानावर वेळेच्या क्रमाने छापून दिली होती. पहिल्या तारखेनंतर कंपनीच्या वकिलांनी तडजोड सुचवली आणि आम्ही ती मान्य केली. तारखा लांबतात, हेही सांगायला हवे. तिकिटाच्या किमतीसाठी कोणी एवढे करावे का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा आहे.

*

माझे प्रकरण मॉन्ट्रियल कराराखालचे. विमान उशिरा पोहोचल्यामुळे आधीच पैसे भरलेली बोटसफर आणि एका रात्रीचे हॉटेल बुडाले. या करारात तीन तासांचा उंबरठा नाही आणि ठरावीक रक्कमही नाही. उशिरामुळे झालेले नुकसान दाखवावे लागते, मनस्तापाचे सहसा काही मिळत नाही. माणशी कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून ६,३०३ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. सामान उशिरा आले तर ते मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार हवी, आणि दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षे. मी आरक्षणाच्या पावत्यांसोबत ‘परतावा नाही’ असे सांगणारी दोन्ही उत्तरे जोडली. कंपनीने हॉटेल मान्य केले. बोटसफर मी विम्याकडून वसूल करावी असे सुचवले. ते मी नाकारले आहे आणि पत्रव्यवहार चालू आहे.

*

कामानिमित्त प्रवास करणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की युरोपीय भरपाई तिकिटाचे पैसे भरणाऱ्याला नव्हे, आसनावर बसलेल्या प्रवाशाला मिळते. आमच्या लेखा विभागाला हे पटवायला विमान कंपनीला पटवण्यापेक्षा जास्त पत्रे लागली.

दावे चालवून देणाऱ्या संस्थांकडे मी गेले नाही, कारण सरळ प्रकरणात मिळालेल्या रकमेचा मोठा हिस्सा त्या ठेवतात; कोर्टात जायचेच असेल आणि आपण त्या देशात नसू, तर मात्र त्यांचा उपयोग आहे. माझे दुसरे एक प्रकरण जर्मनीतील आहे. तिथे ज्या वर्षी उड्डाण झाले, त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षांची मुदत मोजतात. कंपनीने गप्प बसायचे ठरवलेले दिसते, त्यामुळे मुदतीपूर्वी तिथल्या लवादाकडे कागद पाठवणार आहे. तिथे जाण्याचा अनुभव कोणाला असेल, तर कोणती कागदपत्रे जर्मन भाषेतच मागतात, ते कृपया लिहावे.