'कँडी कँडी'ची अधिकृत इंग्रजी आवृत्ती कधी निघेल का?

चाफा
नमस्कार. रियोको इकेदा यांची 'द रोझ ऑफ व्हर्साय' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मालिका जपानमध्ये १९७२ साली सुरू झाली. तिचे संपूर्ण इंग्रजी खंड छापील स्वरूपात निघू लागायला मात्र २०२० साल उजाडले. त्या खंडांची पारायणे केल्यापासून मला 'कँडी कँडी'ची ओढ लागली आहे. क्योको मिझुकी यांचे लेखन आणि युमिको इगाराशी यांची चित्रे असलेली ही कथा १९७५ ते १९७९ या काळात 'नाकायोशी' मासिकातून येत होती. इटलीतील वाचकांना ती त्यांच्या भाषेत मिळाली, मग इंग्रजीत का नाही? चाहत्यांनी परस्पर केलेले भाषांतर मी वाचले आहे, परंतु जिच्या लेखनाने इतके रडवले त्या लेखिकेच्या हाती माझ्याकडून एक पैसाही गेला नाही, ही बोच जात नाही.

शाईदौत
येथे अडचण अनुवादाची नाही, हक्कांची आहे. लेखिका आणि चित्रकर्ती यांच्यातील वाद न्यायालयात गेला आणि २००१ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चित्रे मिझुकी यांच्या लिखित कथेवर आधारलेली असल्यामुळे त्यांच्या संमतीवाचून ती वापरता येणार नाहीत. त्यामुळे कोणत्याही नव्या आवृत्तीसाठी दोघींचा होकार लागतो. तो न जुळल्याने जपानमध्येसुद्धा हे नऊ खंड नव्याने छापले जात नाहीत. मग परदेशी प्रकाशकाने परवाना मागायचा तरी कोणाकडे? मला स्वतःला हा निर्णय योग्य वाटतो, कारण कथा लिहिणारीचे नाव चित्रांच्या मागे झाकले जाऊ नये. वाचक म्हणून मात्र जीव हळहळतो.

रानजाई
ज्या मालिकांचे हक्क मोकळे आहेत, त्यांच्या बाबतीत लांबी आड येते. 'चिहायाफुरु' पन्नास खंडांची आहे, आणि कोदान्शा या जपानी प्रकाशकाने २०१७ पासून तिची इंग्रजी आवृत्ती काढली ती ई-पुस्तकांच्या रूपात. कारुता या जपानी पत्त्यांच्या खेळातील शंभर प्राचीन कविता कथेत, विशेषतः त्यातील प्रेमात, इतक्या मुरलेल्या आहेत की अनुवादकाला प्रत्येक पानावर काव्याशी झुंजावे लागत असेल. तरीही तो अनुवाद झाला, याचे मला फार अप्रूप वाटते.

मागणी नोंदवायची असेल तर सेव्हन सीज हा अमेरिकन प्रकाशक दर महिन्याला वाचकांची पाहणी घेतो आणि कोणती मालिका हवी ते विचारतो. टोकियोपॉप या दुसऱ्या प्रकाशकाने २०११ साली अमेरिकेतील प्रकाशन थांबवले, तरी त्यांनी पूर्वी काढलेली 'मार्मालेड बॉय' पुढे सेव्हन सीजने नव्या रूपात आणली. त्यामुळे बाजारातून गेलेली मालिका परत येत नाही, असे मी तरी मानत नाही.

चाफा
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाहणीत मी दर महिन्याला नाव लिहीन, पण शाईदौत यांचे उत्तर वाचल्यावर 'कँडी कँडी'साठी त्यावर विसंबून चालणार नाही, हे कळले.

शाईदौत
मग जपानीच शिका. पुण्यात शिकवण्यांची वाण नाही. 'नाकायोशी' लहान मुलींचे मासिक असल्याने त्यातील कांजींच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी चिन्हांच्या, शेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेले असतात, त्यामुळे नवशिक्यालाही शब्दकोश उघडून पुढे सरकता येते. मी अशाच एका मालिकेचा पहिला खंड चार महिन्यांत वाचला; दुसऱ्याला सहा आठवडे लागले.