मदत हवी आहे: हिब्रू वाक्याच्या शेवटी लांबणारे ध्वनी मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या प्रकल्पासाठी हिब्रूची रेकॉर्डिंग्ज घेऊन प्राटमध्ये (आवाज तपासण्याचं सॉफ्टवेअर) डोकं घालून बसले आहे. वाक्य संपताना शेवटचं अक्षर ताणलं जातं, हे नुसत्या कानालाही कळतं. पण हिब्रूत बहुतेक शब्दांचा आघातही शेवटच्याच अक्षरावर! 'झे बायित खदाश' (हे नवं घर आहे) यातलं 'दाश' लांबलं ते आघातामुळे की वाक्य संपल्यामुळे? शिवाय तो 'श' इतका हळूहळू विरतो की रेघ मारायची कुठे तेच कळत नाही. शेवटी 'त' आला तर विचारूच नका. जीभ टेकली आणि सुटलीच नाही, तर व्यंजन कुठे संपलं आणि शांतता कुठे सुरू झाली?

बायबलच्या हिब्रूत विरामापाशी शब्दाचा स्वरच बदलतो म्हणे. तो हाच प्रकार का? गाईड म्हणतात, 'वाच जरा.' कुणी मराठीत सांगेल का?

प्रतिसाद १

सुटी वाक्यं मोजू नका, जोड्या करा. 'बिरा' घ्या: आघात 'बि'वर असेल तर बिअर, 'रा'वर असेल तर राजधानी. दोन्ही 'एत्मोल हू अमार बिरा' (काल तो बिरा म्हणाला) आणि 'हू अमार बिरा एत्मोल' अशा दोन साच्यांत म्हणून घ्या. बिअरमधल्या 'रा'वर आघात नाही, तरी तो वाक्याच्या शेवटी लांबला तर श्रेय वाक्यान्ताचं. शब्द स्वरान्त असल्याने 'त'ची कटकटही नाही. शेवटी आवाज घोगरा होतो, तेव्हा दुसरा फॉर्मंट (प्राटच्या चित्रातला स्वराचा खालून दुसरा गडद पट्टा) दिसेनासा होतो तिथे रेघ मारा; नियम कुठलाही चालेल, पण सगळीकडे तोच ठेवा. 'श'साठी वरच्या पट्टीतली खरखर संपते ती जागा धरा. न सुटलेले 'त' सरळ बाजूला काढा, त्यांचे मिलिसेकंद म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. आणि बोलण्याचा वेग सारखा ठेवायला सांगा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

प्रतिसाद २

आम्ही बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू), मूळचे अलिबागकडचे, आता इस्रायलमध्ये लोदला असतो. शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षरसावर प्रार्थना म्हणतो, तिचा शेवट 'बोरे पेरी हगाफेन'. एरवी द्राक्षवेलीला 'गेफेन'च म्हणतात, विरामापाशी 'गाफेन' होतं. 'शामरू'चं (त्यांनी राखलं) 'शामारू' होतं, तिथे तर आघातही मागे सरकतो. हे तिबेरियाच्या मासोरा पंडितांनी (बायबलचा हिब्रू पाठ जपणारे मध्ययुगीन ज्यू विद्वान) स्वरचिन्हांनी नोंदून ठेवलंय. मुळाशी विरामाचं लांबणं असावं असं बरेच अभ्यासक मानतात, पण आता ते व्याकरणात गोठलेलं रूप आहे. आजच्या बोलीत कुणी 'गाफेन' विकत घेत नाही! तुमच्या मोजणीत ते मिसळू नका, प्रस्तावनेत एक परिच्छेद द्या.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! 'बिरा'ची वाक्यं उद्याच रेकॉर्ड करते. एक शंका: प्रश्नार्थक वाक्यात सूर वर जातो, तिथेही शेवट इतकाच लांबतो का, की ती वेगळी जोडी करू?

प्रतिसाद १

वेगळी करा. सूर चढवायलाही वेळ लागतो, विधानांत मिसळलंत तर काय कशामुळे लांबलं ते सांगता येणार नाही.