देवयानी दीर्घिका शोधताना : शोधक दुर्बीण आणि आयपीस

देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका शोधक दुर्बिणीत, म्हणजे मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या लहान दुर्बिणीत दिसते, पण मुख्य दुर्बिणीत सापडत नाही, ही अडचण बहुधा दोन्ही दुर्बिणींचे अक्ष जुळलेले नसल्यामुळे येते. दिवसा दूरच्या मनोऱ्याचे टोक मुख्य दुर्बिणीच्या मध्यभागी आणावे आणि शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर बसवावे. सूर्याच्या दिशेने मात्र दुर्बीण चुकूनही वळवू नये.

सुरुवात नेहमी कमी वर्धनाच्या आयपीसने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने करावी. १००० मिमी नाभीय अंतराच्या (मुख्य भिंग किंवा आरशापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस ४० पट वर्धन देतो, तर १० मिमीचा १०० पट. दुसऱ्यात आकाशाचा तुकडा इतका लहान होतो की नेम किंचित चुकला तरी लक्ष्य बाहेर जाते.

भाद्रपदा या चार ताऱ्यांच्या चौकोनाच्या कोपऱ्यावरील अल्फेरात्झ ताऱ्यापासून मिराक ताऱ्यापर्यंत जावे, तेथून काटकोनात वळून म्यू आणि न्यू हे मंद तारे गाठावेत. न्यूच्या अगदी शेजारी दीर्घिकेचा अंधूक, लांबट ठिपका दिसतो. सरळ नळीच्या शोधकात प्रतिमा उलटी दिसत असल्याने नकाशाही उलटा धरावा. छायाचित्रांतील सर्पिल भुजांची अपेक्षा ठेवू नये, कारण डोळ्याला प्रामुख्याने गाभाच जाणवतो. नजर किंचित बाजूला ठेवल्यास त्याभोवतीचा फिकट प्रकाशही हळूहळू उमटू लागतो.