मदत हवी आहे: लाजऱ्या लेकीसाठी समुद्रातले प्राणी

नमस्कार. आम्ही खानापूरचे. लेक सात वर्षांची, दुसरीत. घरात दिवसभर बडबड, पण पाहुणे आले की माझ्या पदराआड. वर्गात बाईंनी नाव विचारलं तरी मान खाली.

दिवाळीच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला गेलो होतो. वाळूत तिला एक शंख सापडला, उचलला तर आतून पाय बाहेर! शंखात राहणारा खेकडा. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. ती कितीतरी वेळ उकिडवी बसून बघत होती. सावली पडली की तो आत, आम्ही गप्प राहिलो की हळूच बाहेर.

परवा शेजारच्या काकू आल्या, तेव्हा माझ्या कानात म्हणाली, "आई, मी अजून शंखात आहे." मला भरूनच आलं. मनातलं असं तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून रोज रात्री एक प्राणी. समुद्रघोडा वाहून जाऊ नये म्हणून शेपटीनं गवत धरतो. शाळेच्या गेटशी ती माझं बोट तसंच धरते.

राग, रुसवा, मैत्री यांसाठी कोणते प्राणी सांगू? माहिती खरी हवी, ती लगेच "खरंच?" विचारते. आणि मोठा शंख तिचा तिला शोधू द्यावा, की थोडं पुढे ढकलावं? पंधरा दिवसांवर गॅदरिंग आहे, बाईंनी तिला एक वाक्य दिलंय.